प्रेमाला जागा लागते, वेळही लागतो

‘आळंदीला जाऊन लग्न केलं,’ एवढंच कुणी सांगितलं तरी पिंपरी-चिंचवडमध्ये ऐकणाऱ्याला पुढचं विचारावं लागत नाही. घरून विरोध होता, पत्रिका छापल्या नाहीत, मानपान झाला नाही, दोन-चार मित्र आणि एखादी मैत्रीण साक्षीला होती, हे सगळं त्यात आलं. देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांत मंगल कार्यालयं आणि धर्मशाळा आहेत. कागदपत्रं पाहणं, गुरुजी बोलावणं, हार-मुंडावळ्या, फोटो, सगळी सोय तिथे एका छताखाली होते. रीतसर, वाजतगाजत होणारी लग्नंही आळंदीत पुष्कळ लागतात. पण पंचक्रोशीत लग्नांसाठी आळंदीचं नाव झालं ते घरच्यांच्या विरोधातल्या लग्नांमुळे.

गावाच्या एका अंगाला भोसरी आणि मोशी, दुसऱ्या अंगाला चाकण. दोन्हीकडे कारखाने आणि त्यांत घरापासून लांब आलेली वीस-पंचवीस वर्षांची मुलंमुली. कुणी लातूरचं, कुणी बीडचं, कुणी यवतमाळचं. यांच्यातली काही एकमेकांना भेटतात, एकमेकांत गुंततात आणि एके दिवशी आळंदी गाठतात. हे इतकं नेहमीचं झालंय की त्यामागचा प्रश्न कुणी विचारत नाही. ज्यासाठी माणूस घर, गाव, नातलग पणाला लावतो ते प्रेम म्हणजे नेमकं असतं काय? ते कसं जडतं, आणि जडल्यावर टिकतं कशाने?

मला वाटतं, प्रेमाबद्दल बोलताना आपण मनाबद्दल फार बोलतो आणि जागेबद्दल, वेळेबद्दल फार कमी. दोन जीवांना एकमेकांची ओढ लागते ती त्यांना विचारून लागत नाही. पण त्या ओढीचा संसार व्हायचा तर त्यांना राहायला जागा हवी, एकत्र घालवायला वेळ हवा, आणि आजूबाजूच्या माणसांनी ‘हे दोघं एकमेकांचे आहेत’ हे मान्य करायला हवं. यातलं काही नाकारलं गेलं तर काय होतं, त्याची महाराष्ट्रातली सगळ्यात दुःखद गोष्ट आळंदीतच घडलेली आहे.

ज्ञानदेवांची आई रुक्मिणी आळंदीची. वडील विठ्ठलपंत पैठणजवळच्या आपेगावचे. लग्न झालं, पण विठ्ठलपंतांचं मन संसारात रमेना. ते काशीला गेले आणि बायको मागे आहे ही गोष्ट लपवून त्यांनी संन्यास घेतला. इकडे रुक्मिणी नवऱ्याची वाट पाहत अश्वत्थाला प्रदक्षिणा घालत राहिली. ज्ञानदेवांच्या समाधी मंदिराच्या आवारातला सुवर्णपिंपळ तो हाच, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. पुढे विठ्ठलपंतांचे गुरू तीर्थयात्रा करत आळंदीला आले. नमस्कार करणाऱ्या रुक्मिणीला त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. नवरा संन्यासी झालेल्या बाईला हा आशीर्वाद कसा फळावा? चौकशीत सगळं उघड झालं. गुरूंनी विठ्ठलपंतांना परत संसारात जायला सांगितलं आणि ते परतले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई अशी चार लेकरं झाली.

संन्याशाने पुन्हा घर मांडलं, एवढ्यासाठी आळंदीने त्या कुटुंबाला वाळीत टाकलं. धर्मशास्त्र जाणणाऱ्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. परंपरा सांगते की मुलांना तरी समाजात घेतील या आशेने आईबापांनी पाण्यात देह टाकला. मुलांच्या वाट्याला त्यानंतरही अवहेलनाच आली. त्यातल्याच एकाने, ज्ञानदेवाने, 1290 साली भावार्थदीपिका म्हणजे ज्ञानेश्वरी पुरी केली आणि शेवटच्या मागण्यात सगळ्या जीवांमध्ये एकमेकांविषयी मैत्री नांदू दे असं मागितलं. ज्या गावाने आपल्या आईबापांना नांदू दिलं नाही, त्याच गावात 1296 मध्ये त्याने समाधी घेतली. आज त्याच गावात, त्याच देवळाच्या सावलीत, घरच्यांनी नाकारलेली जोडपी येऊन अक्षता घेतात. या जोडप्यांपैकी कितीजणांच्या मनात रुक्मिणी येत असेल कुणास ठाऊक. माझ्या मात्र दर वेळी येते.

आता त्या ओढीकडे वळू. गेल्या पन्नासेक वर्षांत शास्त्रज्ञांनी तिचा बराच माग काढला आहे. अमेरिकेत 2005 साली आर्थर अ‍ॅरन, हेलन फिशर आणि ल्युसी ब्राउन यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या 17 जणांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि आपल्या माणसाचा फोटो दाखवला. मेंदूच्या तळाशी असलेला एक छोटा भाग त्या वेळी जागा झाला. हा भाग डोपामाइन हे रसायन तयार करतो, आणि माणूस एखाद्या गोष्टीमागे झपाटून लागतो तेव्हा हीच यंत्रणा काम करत असते. म्हणजे प्रेमाची सुरुवात मेंदूच्या हिशेबी नुसत्या सुखाची नसते. हवंय, मिळायलाच हवं, अशा ध्यासाची असते. म्हणूनच रात्रपाळी करून आलेला मुलगा झोप सोडून दोन तास फोनवर बोलू शकतो, आणि म्हणूनच उत्तर यायला दहा मिनिटं उशीर झाला तर कासावीसही होतो.

त्याआधी 1999 मध्ये इटलीतल्या पिसा विद्यापीठात डोनातेल्ला माराझ्झिती यांनी आणखी एक गोष्ट तपासली. नव्याने प्रेमात पडलेले 20 जण, एकच विचार सतत छळणाऱ्या मनोविकाराचे 20 रुग्ण आणि इतर 20 जण यांच्या रक्ताची त्यांनी तुलना केली. सेरोटोनिन या रसायनाची ने-आण करणारं प्रथिन प्रेमात पडलेल्यांमध्ये आणि रुग्णांमध्ये सारखंच घटलेलं दिसलं. यातल्या काही प्रेमिकांना वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासलं तेव्हा ते प्रथिन इतरांच्या पातळीवर आलेलं होतं. ‘तिच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही’ हे बोलणं शब्दशः खरं असतं आणि त्याला मुदतही असते. ही मुदत संपली की बरीच जोडपी घाबरतात. प्रेम आटलं असं त्यांना वाटतं. खरं तर शरीर ताळ्यावर आलेलं असतं आणि संसाराला तसंच शरीर लागतं.

पुढे फिशर-अ‍ॅरन यांच्याच गटातल्या बियांका असेवेडो यांनी सरासरी एकवीस वर्षं लग्न झालेल्या आणि अजूनही एकमेकांवर मनापासून प्रेम करतो म्हणणाऱ्या माणसांची तशीच तपासणी केली. डोपामाइनचा तो भाग त्यांच्यातही जागा झाला, पण त्याच्या जोडीला माया आणि विसावा यांच्याशी नातं सांगणारे भागही. मला हा सगळा अभ्यास वाचून धीर आला. ओढ आणि माया एकीनंतर दुसरी अशाच येतात असं नाही. काही घरांत त्या एकत्र नांदतात.

पण ओढ लागते तरी कुणाची? ‘लाखांत एक’ वगैरे आपण म्हणतो. आकडे वेगळं बोलतात. फिलाडेल्फिया शहरात 1931 साली निघालेल्या 5000 विवाह परवान्यांचे पत्ते जेम्स बॉसर्ड यांनी पाहिले. एक तृतीयांश जोडपी लग्नाआधी एकमेकांपासून पाच चौकांच्या आत राहत होती. माणूस ज्याला रोज पाहतो, ज्याच्याशी रोज चार शब्द बोलतो, त्याच्यातच गुंतण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आता चाकणची एखादी असेंब्ली लाइन डोळ्यांसमोर आणा. वायरिंग हार्नेस बांधणाऱ्या मुली, शेजारच्या लाइनवर ट्रेनी मुलं. एकच बस, एकच स्टॉप, एकच कँटीन. ती बीडची, तो यवतमाळचा, दोघांच्या जाती वेगळ्या, आणि गावात राहिले असते तर जन्मात भेट झाली नसती. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 मध्ये उभा राहिला, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज, आणि या शतकात चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन. हा पट्टा गाड्या आणि सुटे भाग बनवण्यासाठी उभारला गेला. तरुण माणसांच्या ओळखीचा परीघ गावकी-भावकीच्या बाहेर नेणं, हे कुणाच्याही आराखड्यात नसलेलं काम त्याने सोबत केलं. आंबेडकरांनी जातीच्या नाशासाठी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय म्हणून सांगितला होता. तो उपाय या पट्ट्यात कँटीनच्या रांगेत सुरू होतो, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

भेट होते, जागा मात्र नसते. मुलगा कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत चार किंवा सहा कॉट, आणि पाळ्या वेगळ्या असल्या तर खोलीत कुणी ना कुणी कायम झोपलेलं. मुलगी पीजीत किंवा चुलत्याकडे. भेटायचं तर निगडीची दुर्गा टेकडी, एखादं उद्यान, मॉलच्या पायऱ्या. तिथेही रखवालदाराची शिट्टी वाजते. घरमालक अविवाहित जोडप्याला खोली देत नाही, आणि लग्नाचा कागद दाखवल्यावरही आडनावं वेगळ्या मुलखातली दिसली की प्रश्न विचारतो. आळंदीतली घाई पुष्कळदा इथून येते. एकमेकांना नीट ओळखायला सवडीने बसता येईल अशी जागा समाज देत नाही. मग ओळख पुरी व्हायच्या आत लग्न लागतं आणि त्यातलं एखादं मोडलं की समाजच म्हणतो, बघा, प्रेमविवाह टिकत नाहीत.

इथे कायद्याचं थोडं स्पष्ट सांगायला हवं, कारण त्याबाबत फार गैरसमज आहेत. मुलगा 21 पूर्ण आणि मुलगी 18 पूर्ण असेल तर लग्नाला आईबापांची परवानगी लागत नाही. हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्याखाली बौद्ध, जैन आणि शीखही येतात. त्यात लग्न लागतं ते विधींनी. सप्तपदीची रीत असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पुरं होतं. नुसता हार घालून फोटो काढला आणि कार्यालयाचं प्रमाणपत्र घेतलं, एवढ्याने भागत नाही. विधीच झाले नसतील तर नोंदणीचा कागदही लग्नाला लग्न ठरवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा आळंदीला जाणाऱ्याने विधी नीट करून घ्यावेत आणि नंतर विवाह निबंधकाकडे नोंदणीही करावी.

दोघांचे धर्म वेगळे असतील आणि कुणालाच धर्म बदलायचा नसेल, तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात विधीची अट नाही, तीन साक्षीदार पुरतात. पण आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयातल्या फलकावर लागते आणि 30 दिवस थांबावं लागतं. घरच्यांपासून जीव वाचवत फिरणाऱ्या जोडप्याला हे 30 दिवस किती मोठे असतात, हे त्या अटीमागच्या कुणाच्या ध्यानात आलं नसावं. घरचे पोलिसांत हरवल्याची तक्रार देतात. सज्ञान मुलीने ‘मी स्वखुशीने आले आहे’ असा जबाब दिला की कायद्याच्या लेखी विषय संपतो, घराच्या लेखी तिथून सुरू होतो. ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना निवडणं हा त्यांचा मूलभूत हक्क मानला, आणि अशा जोडप्यांना संरक्षण देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. रुक्मिणीला असं कुठलं दार ठोठावता आलं नव्हतं.

मग घरच्यांनी जमवलेलं लग्न चांगलं की प्रेमाचं? या वादात जयपूरचा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांनी 1982 मध्ये 50 जोडपी पाहिली. प्रेमविवाहांत प्रेम सुरुवातीला जास्त होतं आणि पाच वर्षांनंतर ते घटलेलं दिसलं, तर जमवलेल्या लग्नांत ते वाढत गेलेलं दिसलं. व्याख्यानांतून हे फार ठासून सांगितलं जातं. पण 50 जोडप्यांवरून देशाचा निकाल लावता येत नाही. अमेरिकेतल्या भारतीय जोडप्यांवर 2012 मध्ये झालेल्या एका अभ्यासात दोन्ही प्रकारच्या लग्नांत प्रेम आणि समाधान यांत फरक आढळला नाही. शिवाय जमवलेल्या लग्नाला पहिल्या दिवसापासून सासर-माहेर दोन्हीकडचे हात लागलेले असतात. भांडण झालं तर समजूत घालणारी आत्या असते, बाळंतपणाला आई असते, घराच्या डिपॉझिटला सासरे असतात. आळंदीहून परतलेल्या जोडप्याकडे यातलं काही नसतं. त्यांचं प्रेम कमी पडलं असं म्हणण्याआधी त्यांना किती माणसं कमी पडली, हे मोजायला हवं.

एरिक फ्रॉम या विचारवंताने 1956 सालच्या आपल्या पुस्तकात प्रेमात चार गोष्टी असाव्या लागतात असं म्हटलं होतं. काळजी, जबाबदारी, आदर आणि समोरच्याची जाण. चारही गोष्टी करण्याच्या आहेत. फ्रॉमचं बोलणं मला पटतं ते देहूच्या आवलीमुळे. तुकोबांची पहिली बायको रखुमाई आणि मुलगा संतू 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात अन्नावाचून गेले. दुसरी जिजाबाई, म्हणजे आवली, पुण्याच्या गुळव्यांची. नवरा भंडारा, भामचंद्र, घोरावडेश्वर अशा डोंगरांवर जाऊन बसायचा. भामचंद्राचा डोंगर आज चाकणच्या औद्योगिक क्षेत्राला लागून आहे, आणि त्याच्या पायथ्याशी कारखान्यांच्या पत्र्यांची छपरं दिसतात. घरात पोरं, शेतीवाडी आणि दुकानाचा बोजवारा, दारात मागणारे. आवली देवाला शिव्या घालायची, नवऱ्यावर खेकसायची, आणि भाकरी बांधून त्याला शोधत डोंगर चढायची. तो जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही हा तिचा नेम. भंडाऱ्याच्या वाटेवर तिच्या पायात काटा रुतला आणि तो प्रत्यक्ष विठोबाने काढला, अशी कथा वारकरी सांगतात. ज्याला ती दिवसरात्र बोल लावायची, त्याच देवाने तिचा पाय हातात घेतला.

कीर्तनांत आवलीला कजाग बाई म्हणून रंगवतात आणि लोक हसतात. मला हे कधीच आवडलं नाही. तिचा राग खरा होता आणि भाकरीही खरी होती. तुकोबा गेले तेव्हा तिच्या पोटात नारायण होता. तो तिने वाढवला, आणि 1685 साली याच नारायणबाबांनी पालखी सोहळा सुरू केला. दर वर्षी आषाढी वारीसाठी देहूहून निघालेली ती पालखी निगडीवरून येऊन आकुर्डीला मुक्काम करते.

नारदभक्तिसूत्रांत भक्ताच्या प्रेमाचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत सेवा आहे, सख्य आहे, पत्नीचं प्रेम आहे, आईची माया आहे, आणि अगदी शेवटी विरहही आहे. दूर असणं हाही प्रेमाचाच एक प्रकार मानणारी ही दृष्टी मला या पट्ट्यातल्या घरांसाठी फार जवळची वाटते. कारण इथे नवराबायको एकाच खोलीत राहून एकमेकांपासून दूर असतात.

एका घराचा हिशेब मांडू. तो भोसरीत, आठवड्याला पाळी बदलते. ती हिंजवडीच्या एका ऑफिसात जनरल शिफ्टला. तो सेकंड शिफ्टला असला की दुपारी दोनला घर सोडतो आणि रात्री साडेबाराला परततो. ती सकाळी आठला निघते, संध्याकाळी सातला येते. तो आठवडाभर तिला झोपलेली पाहतो आणि ती त्याला. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत बहुतेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी, तिला शनिवार-रविवार. दोघांची मिळून एकही सुट्टी जुळत नाही. ओव्हरटाइम आला की गुरुवारही जातो. अमेरिकेत हॅरिएट प्रेसर यांनी 2000 साली अशाच कुटुंबांचा अभ्यास छापला. लग्नाला पाच वर्षं झालेली नाहीत, घरात मुलं आहेत आणि नवरा रात्रपाळीला, अशा संसारांत फारकतीचा धोका दिवसपाळीवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसला.

अशी घरं तरतात कशी? जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांच्या साध्या बोलण्याचं चित्रीकरण करून एक बारीक गोष्ट टिपली. ‘बाहेर पाऊस बघ’ असं एक जण म्हणतो तेव्हा दुसरा मान वर करतो का? सहा वर्षांनी एकत्र असलेल्या जोडप्यांनी अशा हाकेला 86 टक्के वेळा ओ दिली होती, तर विभक्त झालेल्यांनी 33 टक्के वेळा. मोठी भेटवस्तू, सहल, वाढदिवसाचा केक यांपेक्षा हे रोजचं ओ देणं जास्त मोलाचं निघालं. पण ओ द्यायला हाक ऐकू यावी लागते आणि त्यासाठी दोघं एका वेळी जागे असावे लागतात.

या पट्ट्यातली माणसं त्यावर स्वतःचे उपाय काढतात. रात्रपाळीवरून उतरलेला नवरा घरी न जाता बायकोच्या बसस्टॉपवर थांबतो. तिच्या बसला अजून दहा मिनिटं असतात. दोघं एकाच टपरीवर चहा घेतात. लेकराच्या शाळेची फी, गॅसचा नंबर, आईच्या गुडघ्याचं दुखणं, सगळं त्या दहा मिनिटांत बोलून होतं. तो तिच्या डब्याचं झाकण नीट लागलंय का ते दाबून पाहतो. बस येते, ती चढते, तो डोळे चोळत किक मारतो. फ्रॉमने सांगितलेल्या चारही गोष्टी त्या दहा मिनिटांत असतात.

म्हणून एक मागणं आहे आणि ते कवितेचं नाही, कारखान्याच्या ऑफिसचं आहे. दर महिन्याला पाळ्यांचा तक्ता लागतो. तो करताना मशीन, ऑर्डर आणि हजेरी पाहिली जाते. कामगाराचा जोडीदार कुठे आणि कोणत्या पाळीत काम करतो, हा एक रकाना त्यात वाढवणं अवघड नाही. दोघं एकाच कंपनीत असतील तर पाळी जुळवता येईल. वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर महिन्यातला एखादा गुरुवार रविवारशी बदलून देता येईल. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक आहे, कायदा 2017 पासून तसं सांगतो. ते खरोखर चालू असलं तर मूल सांभाळण्यासाठी मुद्दाम उलट्या पाळ्या मागणाऱ्या जोडप्यांना एकत्र जेवता येईल.